सरकीची दाढ

सरकीच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली, तेव्हा घरातल्या सर्वांनाच वाटले की तिला गांधीलमाशी चावली असावी. आईने हळद लावली, मी डोळ्यात काही गेले आहे का ते पाहिले, आणि दोन दिवसांनी सूज थोडी उतरल्यावर आम्ही निर्धास्त झालो. दातांचा संशय कोणालाच आला नाही. चौदा महिन्यांपूर्वीच आम्ही तिचे दात साफ करून घेतले होते, तेही भूल न देता, आणि ते अजूनही बऱ्यापैकी पांढरे दिसत होते. या लेखात मला जे सांगायचे आहे, त्याचे मूळ त्या पांढऱ्या दिसणाऱ्या दातांत आहे.

सरकी ही आमची स्पिट्झ जातीची कुत्री; अमळनेरमध्ये अशा कुत्र्याला सगळे पॉमेरियनच म्हणतात. जिनिंगमधून निघालेल्या सरकीला जसे पांढरे तंतू चिकटून राहतात, तशी ती घरी आली तेव्हा दिसत होती, म्हणून आईने तिला हे नाव ठेवले. वजन सात किलोंच्या आसपास. आहार आमचाच: दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरी, वरणभात, आणि रविवारी मटण असले की एखादी नळी. हाड चघळले की कुत्र्याचे दात आपोआप साफ होतात, असे आमच्याकडे सर्वजण मानतात आणि मीही तसेच मानत होते. शाळेत विज्ञान शिकवत असूनही या समजुतीची मी कधी तपासणी केली नाही, याचे मला आज फार वाईट वाटते.

खान्देशात जनावराचे दात पाहण्याची परंपरा जुनी आहे. माझे आजोबा बोरीकाठच्या शेतासाठी बैल घ्यायला बाजारात जात, तेव्हा बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबून तो आदत आहे, दुदाती आहे, चौदाती आहे की जुळलेला, हे क्षणात सांगत. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथेही जाणकार घोड्याचे ओठ वर करून वय वाचतात. पण हे सारे पाहणे खरेदीपुरते असते. दातावरून वय ठरते, वयावरून किंमत ठरते, आणि व्यवहार झाला की तोंड मिटते. जनावराचा दात दुखतही असेल, हा विचार त्या पाहण्यात नसतो. कुत्र्याचे तर कोणी दातही पाहत नाही, कारण त्याला कोणी बाजारात उभे करीत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्याला आजही लोक गुरांचा दवाखाना म्हणतात, आणि तिथले डॉक्टर गाभण म्हशी, लसीकरण आणि पोटफुगी यांतच बुडालेले असतात. त्यांच्याकडून कुत्र्याच्या दाढेच्या एक्स-रेची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

सरकी नऊ वर्षांची झाली तेव्हा तिच्या तोंडाला इतका वास येऊ लागला की ती जवळ येऊन बसली तरी कळत असे. दाढांवर तपकिरी कीटण चढले होते आणि हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसत होती. एका डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते की पूर्ण भूल देऊन दात साफ करावे लागतील आणि त्यासाठी मोठ्या शहरात जावे. मी ऐकले आणि घरी आले. भूल हा शब्द ऐकताच माझ्या डोळ्यांसमोर शेजारचा पग उभा राहिला होता.

त्या पगची गोष्ट आमच्या गल्लीत अजून सांगितली जाते. मे महिन्यात त्याच्या पायाला खोल जखम झाली होती. गुंगीचे इंजेक्शन देऊन टाके घालण्यात आले आणि दोनेक तासांत त्याला घरी पाठवले गेले. तो पूर्ण जागा झाला नव्हता, पण श्वास चालू होता, म्हणून घरच्यांनी त्याला व्हरांड्यात सावलीला झोपवले आणि माणसे जेवायला बसली. आपल्याकडचा मे म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांची धग. जेवणे आटोपून ती बाहेर आली, तेव्हा तो गेलेला होता. गल्लीने एका वाक्यात निष्कर्ष काढला की भूल दिली म्हणून कुत्रे मेले, आणि मीही तोच निष्कर्ष मनात बाळगून राहिले. आई तर सरकीला मांडीवर घेऊन मला म्हणाली, “म्हतारा जीव शे माय, कसाले तिना हाल करस?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून भूल न देता दात साफ करून देणारी एक व्यक्ती जवळच्याच शहरात येते असे कळले, तेव्हा मला सुटका झाल्यासारखे वाटले. सरकीला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळले, एकाने डोके धरले, आणि हातातल्या धारदार हत्याराने तिच्या दातांवरचे कीटण खरवडून काढले गेले. ती थरथरत होती आणि एकदोनदा ओरडली. पाऊण तासात दात पांढरे झाले. मी त्यांचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला.

पुढे नाशिकच्या डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितले, ते मला त्या दिवशी माहीत असते तर मी तिथून उठून आले असते. दाताचा आजार जिथे दिसतो तिथे तो नसतो. तो हिरडीखाली असतो. जेवणानंतर दातावर जिवाणूंचा चिकट थर जमतो, तो काढला नाही तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच कडक होतो, आणि हे कीटण हळूहळू हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत उतरते. निरोगी कुत्र्यात ही फट तीन मिलिमीटरपर्यंत असू शकते. जिवाणू फटीत शिरले की हिरडी सुटते, दाताला धरून ठेवणारे तंतू तुटतात आणि शेवटी जबड्याचे हाड झिजते. तीन वर्षांवरील बहुतेक कुत्र्यांत हा आजार कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर असतोच, आणि लहान चणीच्या कुत्र्यांत तो अधिक, कारण इवल्या जबड्यात बेचाळीस दात दाटीवाटीने बसलेले असतात. वरचे कीटण खरवडल्याने हा आजार तसूभरही हलत नाही. उलट खरवडलेल्या दाताला पॉलिश केले नाही, तर त्याच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे राहतात आणि नवा थर त्यांवर अधिक लवकर धरतो. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन आणि अमेरिकन व्हेटर्नरी डेंटल कॉलेज या दोन्ही संस्थांनी भूल न देता केलेली अशी सफाई अयोग्य ठरवली आहे. त्यामागे जनावराला होणारा त्रास आहेच, पण मला त्याहून गंभीर वाटते ते दुसरे कारण: मालकाला काम झाल्याचे समाधान मिळते आणि आजार त्या समाधानाआड वाढत राहतो. सरकीच्या बाबतीत अक्षरशः हेच घडले. वास आठ-दहा दिवसांत परत आला होता, पण दात पांढरे होते म्हणून मी तो पोटाच्या तक्रारीवर ढकलला.

सूज तीन आठवड्यांनी पुन्हा आली आणि या वेळी फुटून पू वाहू लागला. मग मात्र मी थांबले नाही. नाशिकला डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून पाहिले आणि डोळ्याला हातही न लावता सांगितले की हे वरच्या चौथ्या उपदाढेचे गळू आहे. ही कुत्र्याची मांस कापण्याची मोठी दाढ; तिला तीन मुळे असतात आणि ती डोळ्याच्या बरोबर खाली असते, म्हणून मुळाशी साचलेला पू डोळ्याखाली वाट काढतो. सरकीच्या त्या दाढेचा बाहेरचा पापुद्रा उभा तुटलेला होता. कडक हाड, शिंग किंवा दगड चावताना हीच दाढ अशी फुटते. म्हणजे जी नळी दात साफ करते असे आम्ही समजत होतो, तिनेच हा दात फोडला होता, आणि भूल न देता सफाई करणाऱ्याला ती भेग दिसलीच नव्हती. कदाचित दिसलीही असेल, पण ओरडणाऱ्या कुत्रीच्या तोंडात मागे कोण पाहणार?

मी डॉक्टरांना पगची गोष्ट सांगितली आणि स्पष्ट विचारले की ही उठली नाही तर काय. त्यांनी माझी भीती उडवून लावली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी आधी आकडे सांगितले. ब्रिटनमधील ११७ दवाखान्यांत २००२ ते २००४ या काळात भूल किंवा गुंगी दिलेल्या सुमारे ९८,००० कुत्र्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ६०१ कुत्र्यांमागे एक मृत्यू भुलीशी संबंधित होता. निरोगी कुत्र्यांत हे प्रमाण १,८४९ मध्ये एक इतके कमी होते, आणि आधीच आजारी असलेल्या कुत्र्यांत मात्र ७५ मध्ये एक इतके जास्त. मांजरांत एकूण प्रमाण ४१९ मध्ये एक होते.

या आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिले. १,८४९ आणि ७५ या दोन संख्यांमधले अंतर म्हणजे भूल नव्हे, तर भूल देण्याआधीची कुत्र्याची प्रकृती होती. नऊ वर्षांची, हिरडी नुकती लाल झालेली, बाकी धडधाकट सरकी पहिल्या संख्येच्या जवळ होती. भीतीपोटी मी तिला दीड वर्ष थांबवले, आणि त्या दीड वर्षात तिला जंतुसंसर्ग झाला, जबड्याचे हाड झिजले, वय वाढले, आणि साध्या सफाईऐवजी दात काढण्याची अडीच तासांची शस्त्रक्रिया पुढे आली. धोका टाळतो आहोत असे समजून मी तो साठवत होते.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट ऐकून मला पग आठवला आणि अंगावर काटा आला. कुत्र्यांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर झाले होते, आणि त्यांतलेही बहुतेक पहिल्या तीन तासांत. चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो. गुंगीत घशाचे स्नायू सैल पडले की तो बंद होऊ शकतो, आणि अशा कुत्र्याला पूर्ण जाग येईपर्यंत कोणीतरी जवळ बसणे आवश्यक असते. त्या पगच्या जवळ कोणी बसले नव्हते. आमच्या गल्लीने सुईला दोष दिला होता. मला आज वाटते की त्या सुईनंतरच्या दोन तासांचा हिशेब कोणी मांडलाच नाही.

मी मधला मार्गही सुचवून पाहिला. पूर्ण भूल नको, थोडे गुंगीचे इंजेक्शन देऊन लवकर उरकता येणार नाही का, असे मी विचारले. डॉक्टरांनी सांगितले की दातांच्या बाबतीत हाच मार्ग सर्वांत वाईट. अल्ट्रासोनिक स्केलर, म्हणजे कंपनांनी कीटण काढणारे यंत्र, चालताना सतत पाणी उडत असते. त्या पाण्यात जिवाणू, कीटणाचे कण आणि रक्त असते. पूर्ण भूल दिलेल्या कुत्र्याच्या श्वासनलिकेत नळी घातलेली असते आणि नळीभोवतीचा छोटा फुगा हवा भरून फुगवलेला असतो, त्यामुळे हे पाणी फुप्फुसात उतरत नाही. नुसत्या गुंगीत कुत्र्याचा गिळण्याचा आणि खोकण्याचा प्रतिसाद मंदावतो, पण नळी नसते. म्हणजे संरक्षण दोन्हीकडून जाते. शिवाय लहान दवाखान्यांत झायलाझिन आणि केटामिन या टोचायच्या औषधांचे मिश्रण सर्रास वापरले जाते, आणि झायलाझिनने कुत्र्याला उलटी होऊ शकते, हृदयाचे ठोकेही मंदावतात. गॅसवरची भूल मिनिटामिनिटाला कमी-जास्त करता येते. टोचलेले औषध परत ओढून घेता येत नाही. काही औषधांचा परिणाम उलटवणारी इंजेक्शने आहेत, पण सगळ्यांची नाहीत. थोडी भूल म्हणजे थोडा धोका, हे माझे गणित इथे पूर्णपणे चुकले होते.

वैद्यकाच्या इतिहासात दात आणि भूल यांचे नाते फार जवळचे आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आली, तेव्हा ती भूल देणारा विल्यम मॉर्टन हा दंतवैद्यच होता. दाताच्या दुखण्याने माणसाला भुलीपर्यंत नेले. आपण खुर्चीत बसून तोंड उघडे ठेवू शकतो, म्हणून आज आपल्याला सफाईसाठी तिची गरज पडत नाही. कुत्र्याला आपण काय सांगणार? प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी बारीक सळई घालून फट मोजायची आणि तोंडात फिल्म ठेवून एक्स-रे काढायचा, हे जागे कुत्रे कितीही शहाणे असले तरी होऊ देणार नाही, आणि त्याने होऊ द्यावे अशी अपेक्षाही करू नये.

तयारीसाठी आधी दहा दिवस ठरले होते, आणि ती तयारी किती महत्त्वाची होती हे पहिल्याच रक्ततपासणीत कळले. सरकीच्या प्लेटलेट कमी आल्या. आपल्या भागात गोचिडांचा सुळसुळाट असतो आणि त्यांच्यापासून होणारा गोचीडताप कित्येकदा बाहेरून काहीच न दाखवता अंगात राहतो. कुत्रे खाते-पिते, फक्त थोडे लवकर थकते. अशा कुत्र्याचे दात काढले असते तर रक्त थांबणे कठीण झाले असते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे ढकलली, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले, आणि प्लेटलेट वाढल्याची खात्री झाल्यावरच तारीख दिली. खान्देशात राहून कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे कळकळीने सांगते की मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्यांबरोबर प्लेटलेट आणि गोचीडताप यांची तपासणी झाल्याशिवाय कुत्र्याला भूल देऊ देऊ नये.

जानेवारीत आम्ही पहाटे निघालो. सरकी रात्रीपासून उपाशी होती. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाला लागलो तेव्हा उजाडले नव्हते, आणि आईने तिला स्वतःच्या शालीत घेतले होते. दवाखान्यात पोचल्यावर मी वहीत लिहून नेलेले प्रश्न विचारले: भूल कोण देणार, आणि तीच व्यक्ती दात काढणार का, श्वासनलिकेत नळी घालणार का, ऑक्सिजन, रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रे लावणार का, शिरेतून सलाईन सुरू राहील का, शुद्धीवर येईपर्यंत कोण बसेल. डॉक्टरांनी मला आत नेऊन एकेक यंत्र दाखवले. भूल देण्यासाठी स्वतंत्र पशुवैद्य होत्या. शेवटी त्यांनी एक गोष्ट दाखवली जी माझ्या यादीत नव्हती: गरम हवा सोडणारे पांघरूण. आम्ही उन्हाच्या मुलखातली माणसे, आम्हाला जनावर तापण्याचीच धास्ती. पण भुलीत शरीर स्वतःची उष्णता राखू शकत नाही, त्यात तोंडात सतत पाणी, आणि लहान कुत्रे तर पाहता पाहता गार पडते. शरीर गार पडले की औषध उतरायला वेळ लागतो आणि जाग उशिरा येते.

प्रोपोफॉलच्या इंजेक्शनने तिला झोपवले, आयसोफ्लुरेन या गॅसवर ठेवले, आणि दाढेच्या मज्जातंतूजवळ बधिर करणारे इंजेक्शन दिले, ज्यामुळे गॅस कमी लागतो आणि जाग आल्यावरही काही तास दुखत नाही. एक्स-रेमध्ये फुटलेल्या दाढेच्या मुळांभोवती काळी वलये दिसली. दुसऱ्या बाजूचे, खालचे पाच दात वरून शुभ्र होते आणि त्यांच्याखालचे निम्म्याहून अधिक हाड उरलेले नव्हते. ते मी मागे फोटोत पाठवलेलेच दात होते. एकूण सहा दात काढावे लागले. मध्ये एकदा रक्तदाब उतरला, तेव्हा गॅस कमी करून सलाईन वाढवले गेले. यंत्र नसते तर तो उतरल्याचे कोणाला कळलेच नसते. दुपारी नळी काढली, त्यानंतर भूल देणाऱ्या डॉक्टर साडेतीन तास तिच्या शेजारी होत्या, आणि ती स्वतःच्या पायांवर उभी राहून पाणी प्यायल्यावरच आम्हाला जायला सांगितले. चौथ्या दिवशी तिने जुने रबरी खेळणे तोंडात धरून अंगणात धाव घेतली. ते खेळणे तिने कधी सोडून दिले होते, हे आमच्या लक्षातही आलेले नव्हते. म्हातारपण आले असे आम्ही समजत होतो, आणि तिचे तोंड दुखत होते.

भुलीला पर्याय आहेत का, असे मला आता अनेक जण विचारतात. झालेल्या आजारावर पर्याय नाही. आजार होऊ नये यासाठी मात्र आहे, आणि तो म्हणजे रोजचा ब्रश. बोटावर चढवायचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट, इतकेच लागते. आपली पेस्ट वापरू नये, कारण कुत्रे ती गिळते, आणि काही पेस्टमध्ये असलेले झायलिटॉल कुत्र्यासाठी विषारी असते. थर कडक व्हायच्या आत निघाला पाहिजे, म्हणून आठवड्यातून एकदा घासून फारसा उपयोग नाही. दातांसाठीच्या काड्या आणि खास आहार यांची मदत होते. व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था १९९७ पासून अशा वस्तूंची चाचणी पाहून मान्यतेची खूण देते, ती खूण पाकिटावर शोधावी. चघळायला जे द्यायचे ते अंगठ्याच्या नखाने दाबले की दबले पाहिजे. आमच्या घरी मटणाची नळी बंद झाली. ज्या जनावराचे हृदय किंवा मूत्रपिंड खरोखरच भूल सोसू शकणार नाही, त्याला क्लोरहेक्सिडीनचे जंतुनाशक द्रावण, मऊ अन्न आणि वेदनाशामक यांवर सांभाळावे लागते, पण तो निर्णय तपासण्या पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो. मी तो भीती पाहून घेतला होता.

सरकी आता बारा वर्षांची आहे आणि तिच्या तोंडात छत्तीस दात आहेत. रात्री जेवणे झाली की आई तिला मांडीवर घेते आणि मी ब्रश करते. सुरुवातीला चारच दात घासू देत असे, आता बाहेरची पूर्ण बाजू घासू देते. ब्रश आतल्या बाजूला पोचत नाही, तिथे थोडे कीटण पुन्हा दिसू लागले आहे. गेल्या तपासणीत डॉक्टरांना तिच्या हृदयात हलकी मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आली. बाराव्या वर्षानंतर भुलीचा धोका वाढतो हे त्यांनी लपवले नाही, आणि म्हणून आता सफाई करावी की थांबावे हे सोनोग्राफीने हृदय पाहिल्याशिवाय ठरवायचे नाही असे आमचे ठरले आहे. ती तपासणी दिवाळीनंतर आहे. आई रोज संध्याकाळी तिच्या कानांमागे आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड शोधते, आणि या वेळी वहीतले प्रश्न तिने मला स्वतः सांगून लिहायला लावले आहेत.